मेव्हण्याचा दाखला

गेल्या पन्नास वर्षांत रत्नागिरीत जेवढे प्रश्न विचारले गेले असतील, त्यांतले निम्मे आमच्या हिच्या मावसभावाने एकट्याने विचारलेले आहेत, आणि उरलेले निम्मे "हा माणूस असं का विचारतो" या प्रकारचे आहेत. समोर आलेली कुठलीही गोष्ट ती तशी का आहे हे कळल्याशिवाय त्याने कधी पुढे जाऊ दिली नाही. एकदा घरी पाहुणे होते म्हणून त्याला बुरोंडीला मासळी आणायला पाठवलं, तर तो संध्याकाळी रिकाम्या पिशवीने परत आला. लिलाव कसा चालतो, बोली लावणारी बाई बोटांनी काय खुणा करते, होडीवरची मासळी किनाऱ्यावर येईपर्यंत तिच्यावर कोणाकोणाचा हक्क लागतो, हे सगळं त्याने समजून घेतलं होतं आणि ते आम्हाला तो अगदी रंगवून सांगत होता. ही म्हणाली, "मी सांगत्ये तुम्हाला, आता पाहुण्यांना लिलावच वाढा." संगमेश्वरला मुलगी पाहायला गेला तेव्हा त्यांच्या घराच्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या खुणा होत्या. त्या कोणकोणत्या सालच्या, हे विचारता विचारता त्याने मुलीच्या वडिलांकडून टेप मागून घेतली आणि मोजमाप सुरू केलं. मुलगी पोह्यांची बशी ठेवून आत गेली तरी हा भिंतीपाशीच. मुलाची वागणूक चांगली आहे, पण सरकारी मोजणीला आल्यासारखं वाटलं, असा तिकडून निरोप आला. लग्न राहिलं ते राहिलंच.

बारावी झाल्यावर वडील गेले म्हणून त्याचं कॉलेज सुटलं आणि पालीजवळची आंब्याची बाग त्याच्या गळ्यात पडली. पुढे मारुती मंदिरापाशी पहिलं सायबर कॅफे निघालं तेव्हा हा छत्तिशीचा होता. इंटरनेट म्हणजे काय हे विचारायला म्हणून तो आत गेला, आणि बाहेर आला तो एका दूरच्या विद्यापीठाच्या संगणक पदवीला नाव घालून. सगळं शिक्षण पडद्यावर, फक्त परीक्षेला पुण्याला जायचं. पण कॉलेज ते कॉलेज, अशी त्याची समजूत. तो इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून पालीहून एसटीने यायचा आणि कॅफेच्या दारात चपला काढायचा. बाजूला बसलेली कॉलेजची मुलं खेळ खेळत असायची. हा त्यांच्यामध्ये वही उघडून, पडद्यावरचा धडा हाताने उतरवून घ्यायचा, कारण वीज कधी जाईल सांगता येत नसे. मोहोरावर फवारणी असली की दोन दिवसांच्या रजेचा रीतसर अर्ज विद्यापीठाला ईमेलने पाठवायचा. पत्र मिळाले, आपल्याशी लवकरच संपर्क करू, असं उत्तर तिकडून क्षणात येई. त्या तत्परतेने तो भारावून गेला होता. "भाऊजी, भर दुपारी दीड वाजता पाठवलं तरी लगेच उत्तर. हा माणूस जेवतो कधी?" शेवटी न राहवून त्याने त्या माणसाला जेवण वेळेवर घेत जा असं कळवलं. त्यावरही पत्र मिळाल्याचं उत्तर आलं. ते यंत्र आहे हे कॅफेवाल्याने समजावलं, तेव्हा याला वाईट वाटलं नाही. ते यंत्र कसं केलं असेल, याच्या मागे तो पुढचे पंधरा दिवस होता.

मी त्या वेळी बागायतदारांच्या एका सहकारी संस्थेत व्यवस्थापक होतो. आमच्याकडे एक संगणक होता. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ घालायची आणि वर्षभर त्याच्यावर प्लॅस्टिकचं आच्छादन ठेवायचं, इतपतच आमचा त्याच्याशी संबंध. मेव्हण्याने विचारलं, "भाऊजी, सरावासाठी बसू का जरा?" मी म्हटलं, बस. तो बसला तो रोज सकाळी दहाच्या ठोक्याला यायला लागला.

आमचा कारभार असा, की आंब्याच्या पेटीवर काळ्या रंगाने बागायतदाराच्या नावाची अक्षरं काढायची आणि वहीत नोंद करायची. मुंबईहून व्यापाऱ्याचं पत्र यायचं की अमक्या अक्षरांच्या पेटीत निम्मा माल सडला. एकाच गावात त्याच अक्षरांचे चार चुलतभाऊ असायचे, आणि पेटी आपली नव्हे असं चौघंही देवाशपथ सांगायचे. मेव्हण्याने प्रत्येक पेटीला नंबर दिला. पेटी कोणाची, फळ कधी उतरवलं, कोणी भरलं, पेंढा कुठला, हे सगळं तो संगणकात घालू लागला. त्यासाठी तो पेट्या भरणाऱ्या बायकांशेजारी तासन्‌तास उकिडवा बसायचा. त्यांतली एक म्हातारी मला म्हणाली, "सायब, ह्यांना एक तर कामाला लावा, नायतर घरी पाठवा. पेंढा ओला की सुका ते इचारून इचारून माजा जीव सुकला." पण तिच्याच उत्तरातून त्याला उलगडा झाला. सडलेल्या पेट्यांपैकी बहुतेक सकाळी लवकर, दवाने ओलसर झालेल्या पेंढ्यात भरलेल्या होत्या. आम्ही पेंढा आदल्या दिवशी उन्हात टाकायला लागलो आणि त्या मोसमात तक्रारी जवळजवळ थांबल्या.

इथून पुढचं मी कितीतरी वर्षं कोणाला सांगितलं नाही. हिलासुद्धा नाही, आणि आता ती नाही.

त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत अध्यक्षांनी व्यवस्थापकांच्या दूरदृष्टीचं कौतुक केलं आणि मला शाल-श्रीफळ दिलं. आभाराच्या भाषणात खरं ते सांगायचं, असं मी खुर्चीतून उठताना ठरवलं होतं. माइकपाशी पोचेपर्यंत ते शेवटी सांगू असं ठरलं, आणि शेवटी मी संचालक मंडळाचे, सभासदांचे आणि चहापानाची व्यवस्था करणाऱ्यांचे आभार मानून खाली बसलो. मेव्हणा मागच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता. घरी जाताना त्याने शालीचा पदर बोटांत धरून पाहिला आणि ही लोकर कुठल्या मेंढीची असेल, एवढंच विचारलं.

पुढच्या साली त्याची शेवटची परीक्षा झाली. पहिल्या वर्गाची पदवी टपालाने आली. ती गुंडाळून घेऊन तो मुंबई, पुणे, कोल्हापूर असा मुलाखतींना फिरू लागला. वर्गात किती मुलं होती असं विचारलं की तो म्हणायचा, "एकटाच होतो, त्यामुळे नंबराचं सांगता येणार नाही." इंटरनेटवर मिळालेली पदवी कशात धरायची, हे त्या वेळी कोणालाच माहीत नव्हतं. मग प्रश्न यायचा तो अनुभवाचा. परत आला की तो आमच्या ओटीवर बसून सगळं सविस्तर सांगायचा. "त्यांच्याकडे जो पहिला माणूस लागला, त्याला अनुभव कुठून मिळाला होता, ते मी विचारलं भाऊजी. दोघं एकमेकांकडे बघत बसले. त्यांनाही माहीत नसावं."

मग रत्नागिरीजवळच निघालेल्या फळप्रक्रियेच्या नव्या कारखान्याची जाहिरात आली. मालाच्या संगणकी नोंदी ठेवणारा माणूस हवा होता, पदवी कुठलीही चालेल, दोन वर्षांचा अनुभव हवा. ती जागा जणू याचं माप घेऊन शिवली होती. मुलाखतीच्या आदल्या दिवशी तो माझ्या टेबलासमोर उभा राहिला. कचेरीत तो माझ्यासमोर कधी बसत नसे. म्हणाला, "भाऊजी, मी इथे काम केल्याचा दाखला मिळेल का?"

मी म्हटलं, "अरे, हजेरीपटावर तुझं नाव नाही, नेमणुकीचं पत्र नाही. उद्या ऑडिटर विचारील, काय सांगू?"

ऑडिटरने कधी दाखल्यांची चौकशी केलेली नव्हती. काम त्याने केलं असं संस्थेच्या कागदावर लिहिलं की शाल कशाबद्दल घेतली, हे कोणीतरी विचारलं असतं, एवढंच होतं. तो क्षणभर विचार करून म्हणाला, "हां, नाव नाही खरं." आणि गेला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास कारखान्यातून फोन आला. एक उमेदवार म्हणतात की तुमच्याकडच्या पेट्यांची सगळी नोंद त्यांनी बसवली, हे खरं का? मी म्हणालो, "आमच्या नात्यातले आहेत. येत असत. बसत असत." त्यात खोटा शब्द एकही नव्हता. त्या गृहस्थांनी आभार मानून फोन ठेवला.

ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. वयाची चाळिशी उलटल्यावर मेव्हण्याने अर्ज करणं सोडलं आणि पालीच्या बाजारात एक खोली घेऊन इतरांचे अर्ज भरून द्यायला सुरुवात केली. तिथेही प्रत्येकाला तो इतकं विचारतो की एका फॉर्मला दीड तास लागतो. पण आपण काय काय काम केलंय ते तिथे गेल्यावरच कळतं, असं लोक म्हणतात. पूर्वीसारखाच दर रविवारी तो आमच्याकडे येत राहिला, आणि ही गेल्यावरही त्याचं येणं थांबलं नाही.

निवृत्तीच्या आठवड्यात मी संस्थेच्या कागदावर स्वतःच्या हाताने दाखला लिहिला, सही-शिक्का केला आणि पालीची एसटी धरली. त्याच्यासमोरचं गिऱ्हाईक गेल्यावर मी त्याला शालीचं सांगितलं, मग फोनचं. तो ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "फोनचं माहीत होतं भाऊजी. माझ्यासमोरच लावला होता त्यांनी. स्पीकरवर."

मी दाखला पुढे केला. त्याने चष्मा लावला आणि दिलेला कुठलाही कागद वाचतो तसा तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग पेन उघडून माझ्या हातात दिलं.

"तीन वर्षं लिहिलंयत तुम्ही. तिसऱ्या साली मी परीक्षेच्या मागे होतो. येत नव्हतो. दोन करा."

मी म्हटलं, "असू दे रे, आता कोण बघतंय."

"नको. केली तेवढीच लिहा."

मी तीन खोडून दोन केलं आणि बाजूला सही केली. त्याने शाई वाळू दिली, कागदाची सरळ घडी केली आणि टेबलाच्या खणात, त्याच्या पदवीच्या गुंडाळीशेजारी ठेवला. जाहिरातीत दोनच वर्षं मागितली होती.