कळकलेली आमटी

नव्वदच्या दशकात बाबांच्या पायाची जखम चिघळली. कंपाउंडर रोज आमच्या रामघाटच्या घरी येऊन त्यांना शिरेतून अँटिबायोटिक देई. बाटली सोवळ्याच्या खुंटीला टांगलेली.

तिसऱ्या दिवशी बाबांनी आमटीची वाटी सरकवली. "कळकली आहे! पितळेची चव उतरलीय. पातेल्यांना कल्हई कधी केली होतीस?"

आईने धुसफुसत सगळी पितळी भांडी कल्हई करून आणली. आमटी कळकलेलीच! मग बाबांना मातीच्या माठातलं पाणीही कळकलेलं लागलं, तेव्हा कंपाउंडर हसला, "पंडितजी, ये तो दवा का असर है।"

बाबांनी त्यालाच झापलं.

औषध संपल्यावर चार दिवसांनी बाबांनी आमटी भुरकली, मिटक्या मारल्या आणि आईला म्हणाले, "बघ! कल्हई केल्यावर कशी चव आली!"