दारात अडकवलेली चप्पल

मला फिट्स यायला लागल्या तेव्हा मी सात वर्षांची होते. आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो. वजन वाढलं की डॉक्टर गोळी वाढवायचे, म्हणून दर दिवाळीनंतर आई मला कोळशाच्या वखारीतल्या काट्यावर बसवायची. "वाढली गो बाय माझी, आता गोळीपण वाढायला हवी," असं कौतुकानं म्हणायची. वय वाढलं की गोळी वाढते, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

आमच्या दाराला दिवसा कधी कडी नसायची. मी पडले की अख्खा मजला धावायचा आणि कोणीतरी हमखास माझ्या नाकाला चप्पल लावायचं. मला त्याचा भयंकर राग यायचा.

आता मी अडुसष्टची आहे. आई गेली, चाळ पाडून टॉवर झाला आणि सतराव्या मजल्यावर मी एकटीच राहते. फिट येऊन कितीतरी वर्षं झाली होती. यंदा मात्र चालताना तोल जायला लागला, जीभ जड झाली. लिफ्टमधली एक बाई तर माझ्याकडे अशी बघायची, जशी काही मी सकाळीच पिऊन आलेय. मला वाटलं, दुखणं परत आलं, या वयाला गोळी कमी पडतेय. विचारणार कोणाला? रोज अर्धी जास्त घ्यायला लागले आणि आठवड्याभरात बाथरूममध्ये आपटले.

परळच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. "मावशी, उलटं झालंय. लहानपणी शरीर औषध भराभर संपवतं. आता तेच अंगात साचतंय, त्यानंच तोल जातोय. गोळी हळूहळू कमी करू. पण तेव्हा फिट येऊ शकते, लक्ष ठेवायला माणूस हवं. घरी कोण असतं?"

"भरलेलं घर आहे," मी म्हणाले. साफ खोटं. खरं सांगितलं असतं तर त्यांनी भाच्याला फोन केला असता आणि त्यानं मला बदलापूरच्या वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं असतं.

गोळी कमी झाली, पाय सरळ पडायला लागले. पण मला भीती वाटते. नव्या दाराचं लॅच आपोआप बसतं, आत पडले तर कोणाला कळणार? म्हणून सकाळी उठले की दारात चप्पल अडकवते. दार चार बोटं उघडं राहतं.

काल समोरच्या फ्लॅटमधली मुलगी ऑफिसला निघाली होती. "आंटी, तुमचं दार उघडंच राहिलंय," ती फटीतून म्हणाली. मी उठेपर्यंत तिनं चप्पल उचलून आत नीट ठेवली आणि हलक्या हातानं दार ओढून घेतलं.