तलवार लागण्याआधी पडणारा मावळा

लालबागला आमच्या चाळीत सकाळचा पेपर गॅलरीत मोठ्याने वाचण्याचा मान शेजारच्या काकांचा. गिरणीत साच्यांच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय, त्यामुळे बाजारभावसुद्धा ते पोवाड्यासारखे वाचत. न पटलेला मजकूर मात्र "पुढे चला" म्हणत सरळ गाळून टाकत.

गिरण्यांचा संप लांबला होता, तेव्हाची गोष्ट. एका ऐतिहासिक लढाईच्या सिनेमावर मी पेपरात परीक्षण लिहिलं. त्यात टोला हाणला होता, 'यातले मावळे तलवार लागण्याआधीच कोसळतात.' छापून आल्यावर बायको म्हणाली, "अहो, काका होते त्यात. मावळ्यांच्या गर्दीत." बाहेर काकांचं वाचन सुरू झालं होतं; मी दाराआडच थांबलो.

काका त्या वाक्यापाशी आले. आता "पुढे चला" म्हणतील, असं वाटलं. त्यांनी ते खणखणीत आवाजात दोनदा वाचलं. मग माझ्या दाराकडे बघून ते खो-खो हसले आणि माझा जीव भांड्यात पडला.

"खरा लिवलंस रे! तो मीच," काका म्हणाले. "मेलेल्यांका आधी जेवूक सोडीत होते."