पाच ईसा चार

श्रद्धा मॅडमचा मार्कांवर भारी विश्वास. कर्जतच्या एका नर्सिंग शाळेत शिकवायला लागून दहा वर्षं झाली, पण नवी मुलगी दारात आली की पहिला प्रश्न ठरलेला, बारावीला किती? तेजश्रीला अठ्ठ्याऐंशी टक्के, म्हणून ती लाडकी. कोंडाणे गावाच्या वरच्या ठाकर आदिवासींच्या वाडीतून आलेल्या कोंडीला शेहेचाळीस. प्रवेशअर्जात "नर्सिंगच का?" यापुढे तेजश्रीनं पानभर सेवाभाव लिहिला होता. कोंडीनं दोनच शब्द, "मला आवडतं." मॅडमना तेव्हा हसूच आलं होतं.

सहामाहीत कोंडीला पंच्याहत्तरपैकी अकरा मिळाले. महिन्यानं फेरपरीक्षा, अडतीसच्या खाली आली तर घरी, असं प्राचार्यांनी बजावलं. ते सांगायला मॅडम वॉर्डात गेल्या, तर कोंडी खाटेवरच्या नागूबाबांचं मनगट धरून उभी. आदल्या दिवशी टेंपोतून पडून बाबांच्या पोटाला मार बसला होता.

"किती गं नाडी?"

"पाच ईसा चार."

मॅडमचं डोकंच फिरलं. "अगं, अंडी मोजतेस का? नीट आकडा सांग!"

कोंडी गोरीमोरी झाली. वाडीत सगळं विसाविसानं मोजायचे, तिच्या तोंडात तेच बसलेलं. "एकशे चार, मॅडम. सकाळी तीन ईसा चौदा व्हती, जेवणाच्या टायमाला चार ईसा आठ. वाढत चाललीय. पोट बी कडक लागतंय. मला काय हे बरं दिसत नाय."

मॅडमनी तक्ता पाहिला. तिन्ही वेळा चौऱ्याहत्तर! अक्षर तेजश्रीचं, अगदी सुरेख. बाईसाहेबांनी सकाळचाच आकडा दिवसभर उतरवला होता. मॅडमनी स्वतः नाडी मोजली. एकशे सहा. त्या धावतच डॉक्टरांकडे गेल्या. पोटात रक्त साचत होतं, लगेच ऑपरेशन झालं आणि बाबा वाचले.

"बाकीच्यांची नाडी?" मॅडमनी सहज विचारलं. पोरीनं चौदाही खाटांचे सकाळ-दुपारचे आकडे धडाधडा सांगितले. मोजायला कुणी सांगितलंही नव्हतं हो तिला! अरे देवा, हिला आपण ढ म्हणत होतो?

दुसऱ्या दिवसापासून मॅडम कोंडीचं पुस्तक खाटेपाशीच उघडायला लागल्या. समोर माणूस असला की पान तिच्या डोक्यात पक्कं बसायचं, वर दहा प्रश्न विचारून ती मॅडमलाच घाम फोडायची.

फेरपरीक्षेच्या निकालाच्या दिवशी कोंडी बॅग भरूनच वर्गात आली होती. मॅडमनी कागद उघडला. अडतीस तरी हवे होते.

"कोंडी... दोन ईसा सात."

वर्गाला काही कळलं नाही. कोंडी मात्र मटकन खाली बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडायला लागली.