दुसऱ्या हाकेचे भावोजी

जगाच्या पाठीवर कुठेही संगणकशास्त्रात नवा शोध लागला, की त्याचा पहिला त्रास जामसंड्याला माझ्या थोरल्या बहिणीला होतो, असं माझं ठाम मत आहे. कारण आमचे भावोजी. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि इतर माणसं जशी देवळात नाहीतर बागेत रमतात, तसे हे जगभरच्या संशोधनात रमले. सकाळी चहाबरोबर मोबाईलवर एखादा शोधनिबंध उघडायचा आणि दुपारपर्यंत त्याचा घरावर प्रयोग करायचा. उद्याचे संगणक आजची सगळी गुप्त कुलुपं फोडणार म्हणून नव्या तऱ्हेची कुलुपं तयार होताहेत, हे वाचल्यावर त्यांनी आपल्या पासवर्डांचा असा काही बंदोबस्त केला, की वीजबिल भरायला मला रांगेत उभं राहावं लागलं. सर्वांत जवळचा रस्ता शोधायची जुनी रीत कुणीतरी मागे टाकली, हे कळलं त्या दिवशी ते बाजारातून नव्या वाटेने आले. बांगडे घरी पोचले तेव्हा मांजरानेसुद्धा तोंड फिरवलं. क्वांटम संगणक आता आपल्या चुका आपणच सुधारायला शिकताहेत, असं त्यांनी उत्साहाने सांगितलं, तेव्हा ताई म्हणाली, "तेंका जमता. तुमका कधी जमतला?"

वाचायला बसले की भावोजींना ऐकू येत नसे. स्वयंपाकघरातून ताईची हाक येई, "ओ, जेवूक येवा!" ही हाक वाया जायची, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मग दुसरी, पट्टी चढवून, "ओ, आयकलास? जेवूक येवा म्हणतंय!" त्या हाकेला मात्र ते दचकून उठत आणि चष्मा शोधत पानावर येऊन बसत. लग्न झाल्यापासून हे असंच चाललं होतं.

गेल्या वर्षी ताईचा आवाज बसला तो सुटेचना. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी गाठ असल्याचं सांगितलं. स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, आवाज राहणार नाही. परतताना फोंडाघाट उतरून खाली येईपर्यंत भावोजींना एकही शोध आठवला नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते ताईसमोर जाऊन उभे राहिले. माणसाचं थोडं बोलणं ऐकवलं तर यंत्र त्याच्याच आवाजात पुढे बोलू शकतं, इतकं संशोधन आता पुढे गेलंय, म्हणाले. "तुझो आवाज आपण आधीच ठेवून घेवया." त्यांच्या शोधाला मी हसलो नाही, अशी ती पहिलीच वेळ.

पुण्यातल्या एका जुन्या विद्यार्थ्याने सगळी सोय करून दिली. ताई ठेवणीतली साडी नेसून मोबाईलसमोर बसली आणि तहसील कचेरीत साहेबांसमोर बोलावं तशी बोलू लागली. "आज हवामान आल्हाददायक आहे. कृपया आपण आसनस्थ व्हावे." आम्ही दोघांनी माना डोलावल्या. समोर सरकारी काही दिसलं की आमच्याकडे जीभ आपोआप शुद्ध होते, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

कोल्हापूरला निघायच्या आदल्या दिवशी सकाळी तो आवाज तयार होऊन आला. भावोजींनी हौसेने 'जेवूक येवा' असं टाइप केलं. मोबाईलमधून एसटी स्टँडवरच्या सूचनेसारखं काहीतरी बाहेर पडलं.

"ही कोण बाई?" ताईने विचारलं. मग उठताना म्हणाली, "माका ती घरात नको."

भावोजींचा चेहरा उतरला. ताई पुन्हा बसली, पण मोबाईल पुढे धरला की तिची पाठ ताठ व्हायची आणि ती कचेरीतली बाई बोलू लागायची. हातात फक्त तो दिवस होता. घशाला ताण देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

दुपारी पानं वाढली. बांगड्याचं तिखलं होतं. भावोजींनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "तिखल्याक आज चव नाय."

मी हातातला घास खाली ठेवला. ताईच्या जेवणाला नाव ठेवायचं धाडस या माणसाने जन्मात केलं नव्हतं.

"चव नाय?" ताई कडाडली. "जेवणात लक्ष तरी आसता तुमचा? माजरान तोंड फिरवल्यान असले बांगडे तुमी हाडतास, नि माझ्याकडे चव मागतास!" तिथून ती जी सुटली, ती पासवर्ड, वीजबिल, सगळं काढत गेली. आवाज घोगरा, मध्येच चिरकणारा, पण अगदी तिचा. तिला थांबवावं की नाही, मला कळेना. भावोजी खाली मान घालून जेवत होते आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी भातावर पडत होतं.

पाण्यासाठी तिने तांब्या उचलला. मागे मोबाईल उभा होता. आता मोबाईल अंगणात जाणार, असं मला वाटलं.

"चालू आसा?"

"आसा," भावोजी म्हणाले.

तिने तांब्या खाली ठेवला. मग मोबाईल जवळ ओढला आणि माजघरात हाक मारावी तशी म्हणाली, "ओ, जेवूक येवा!" क्षणभर थांबून दुसरी हाकही मारली. मग शेजारणीला, मांजराला, मला, ज्याला जे म्हणायची ते सगळं म्हणत संध्याकाळपर्यंत बसली. तो आवाज पुण्याला रवाना झाला आणि पहाटे आम्ही घाट चढलो.

ताई वाचली. आता ती बोटाने टाइप करते आणि मोबाईल घोगऱ्या आवाजात बोलतो. परवा मी गेलो तेव्हा भावोजी घरासमोरच्या खळ्यात बसले होते. पुढ्यात शोधनिबंध नव्हता, चष्मा खिशात होता. आतून हाक आली, "ओ, जेवूक येवा!"

मी उठलो. भावोजींनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

"थांब रे," ते हळूच म्हणाले, "आजून एकदा मारतली."