उताराने गेलेले अण्णा

भोसरीच्या आमच्या वर्कशॉपमधले अण्णा रस्ता माणसाला विचारत नसत, पाण्याला विचारत. अनोळखी ठिकाणी गेले की बाटलीतलं घोटभर पाणी जमिनीवर ओतायचे आणि ते जाईल तिकडे चालू लागायचे. भीमाशंकरच्या जंगलातल्या वस्तीवर वाढलेला माणूस. "पानी कदी चुकत न्हाई. वढ्याच्या कडंकडंनं उतरा, घर येतंयच," हे त्यांचं ठरलेलं. आम्ही त्यांना उतारअण्णा म्हणायचो.

पिंपळे सौदागरला मी फ्लॅट घेतला, तेव्हा अण्णांनी जेवण झाल्यावर हॉलमध्ये ग्लासभर पाणी ओतलं. फरशी सपाट, पाणी जागचं हलेना. अण्णा हवालदिल झाले. "राव, हितनं मानूस घरी जानार कसा?" अखेर पाणी दाराच्या फटीतून सरकलं ते थेट शेजाऱ्यांकडे. अण्णा निमूट तिकडे गेले आणि चहा घेऊनच बाहेर पडले. फरशी पुसताना बायको माझ्याकडेच बघत होती.

एकदा त्यांनी हट्टाने आम्हाला आपल्या वस्तीवरचा ओढा दाखवायला नेलं. डोंगरमाथ्यावर हे धुकं! अण्णांनी पाणी ओतलं, आम्ही मुकाट त्यांच्या मागे. उतरलो, उतरलो, आणि संध्याकाळी पोचलो कोकणात. माथ्याच्या अलीकडचं पाणी भीमेला जातं, पलीकडचं कोकणात, हे अण्णांनी हिशेबातच धरलं नव्हतं. "पानी न्हाई चुकलं," ते करवादले, "डोंगरच दोन्हीकडनं उतरता हाय!" मग बायकोला, आमच्या आक्कांना, फोन लावला. "भाकरी झाकून ठेव. जरा कोकनात आलोय."

त्यांचं एकच मागणं होतं. "माजी राख आमच्या वढ्यात सोडा. वढा भीमेला जातो, फुडं तुमची भोसरीकडची इंद्रायनी बी तितंच येती. भेटत ऱ्हाऊ."

गेल्या पावसाळ्यात अण्णा गेले. आक्कांना घेऊन आम्ही माथ्यावर चढलो. तेच धुकं, आणि ओढा काही सापडेना. शेवटी त्यांच्याच रीतीने पाणी ओतलं आणि ते गेलं त्या ओहोळात राख सोडली. तेवढ्यात धुकं विरलं. खाली कोकण पसरलं होतं. मला रडू कोसळलं. बिचाऱ्याने आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती.

आक्कांनी पदर खोचला. "रडू नगा, भाऊ. येतील की. जरा उशीर हुईल, इतकंच."

संध्याकाळी भोसरीच्या खोलीवर परतल्यावर त्यांनी भाकऱ्या थापल्या आणि एक झाकून ठेवली.