वोबका बाईंची संत्री

वोबका बाई आमच्या गावात राहायला आल्या, त्याच आठवड्यात मी शेजारच्या एप्पोला म्हटलं होतं, या बाईवर लक्ष ठेवायला हवं. संध्याकाळी दिवे लागले की बाई पडदे ओढून घ्यायच्या. आमच्याकडे पडदे कोण ओढतं? रस्त्यानं जाणाऱ्याला आतला सोफा, फुलदाणी, जेवणाचं टेबल सगळं दिसतं, आणि दिसावं म्हणूनच आम्ही ते पुसतो. ज्याच्याकडे लपवायला काही नाही, त्यानं काच कशाला झाकायची?

शाळेच्या किल्ल्या, हीटर, फरशी आणि शिक्षकांची कॉफी माझ्याकडे असायची. गाव बांधाच्या आत, समुद्रापेक्षा सखल, आणि शाळा गावाच्या मानानंही लहान. बाईंकडे सगळ्यात धाकटा वर्ग होता, चार ते सहा वर्षांची पोरं. बाई पन्नाशीच्या, एकट्या. त्यांचे वडील तिकडे फ्रीसलंड प्रांतात सायकली दुरुस्त करायचे, आणि बाईंच्या हातालाही तीच खोड होती. काही दिसलं की खोल.

एका सकाळी मी पाहते तर माझं कॉफीचं यंत्र वर्गाच्या जमिनीवर, चादरीवर सुटं पडलेलं. भोवती पोरं पालथी झोपलेली.

"यातलं कॉफी कोण करतं?" बाई विचारत होत्या.

"बटण," एक म्हणाला. "नाही, पाणी," दुसरी. एप्पोची नात इमके मात्र झाकण छातीशी धरून बसली होती. "हे करतं. याला वास येतोय."

बाईंनी बरोबर-चूक काही सांगितलं नाही. यंत्र जोडलं, एक रबरी कडी मात्र खिशात ठेवली आणि बटण दाबलं. पाणी टेबलभर झालं. पोरं खूश, आणि फडकं कोणाच्या हातात? माझ्या.

"बाई, ही शाळा आहे की गॅरेज?" मी विचारलं.

"हेंडरिका, त्यांना कळलं पाहिजे की एकटं कोणीच कॉफी करत नाही," बाई म्हणाल्या. मी म्हटलं, आमच्याकडे एकटी मीच करते. तेव्हा त्या हसल्या, पण माझं डोकं दिवसभर फिरलेलं होतं.

पोरं घरी जाऊन भंडावू लागली. आजोबा, आपल्या संडासातलं पाणी पुढे कोणाकडे जातं? आई, पाववाला आजारी पडला तर गाईला काय होईल? जेवताना असलं ऐकायला कोणाला आवडतं? शाळेत चाललंय तरी काय, हे लोक माझ्याकडे विचारायला यायचे. मी जे बघितलं ते सांगायचे. माझ्या मनाचं काही घालत नव्हते.

मग शरद ऋतू आला, आणि चरांची तपासणी. आमच्याकडे शेताशेताच्या कडेनं चर असतात. ज्याच्या शेतालगत चर, त्यानं तो ठरल्या तारखेच्या आत साफ करायचा. मग पाणी मंडळाची माणसं बूट घालून काठाकाठानं फिरतात आणि ज्याच्या चरात गवत दिसेल त्याला दंड. ही पद्धत आमच्या पणजोबांच्याही आधीपासूनची. त्या दिवसांत चरापाशी कोणी परका उभा दिसला तरी आमच्या कपाळाला आठी पडते.

आणि नेमक्या त्याच दिवसांत वोबका बाई पोरांची रांग घेऊन चरांवर. प्रत्येकाच्या हातात एक संत्रं. संत्री पाण्यात सोडायची आणि ती जातील तशी काठानं चालत राहायचं. याच्या शेतावरून त्याच्या शेतावर. एखादं संत्रं अडकलं की सगळी वरात थांबायची, वाकून बघायची, बोटं दाखवायची. एप्पोच्या वाटेखालून चराचं पाणी जातं त्या मोरीपाशी तर बराच वेळ उभी होती. एप्पो खिडकीतून बघत होता. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

त्याच्या आदल्याच दिवशी मी बाईंना फोनवर बोलताना ऐकलं होतं. दार उघडं होतं, मी कान लावला नव्हता. "सीब्रांड, तपासणीच्या आधीच सांग बरं का," त्या म्हणत होत्या. "म्हणजे आम्ही चरांवर असू." सीब्रांड म्हणजे पाणी मंडळाचा माणूस, चरांतलं पाणी बांधापलीकडे उपसणारं पंपघर सांभाळणारा. आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय समजला असता?

तपासणी झाली. एप्पोला दंड झाला, आणखी दोघातिघांना झाला. एप्पो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. कॉफीबरोबर एक बिस्किट दिलं, तेही त्यानं खाल्लं नाही.

"पोरांच्या आडून हेरगिरी करते बाई," तो म्हणाला.

"तुझ्या तोंडात साखर पडो असं मी म्हणणार नाही," मी म्हटलं, "पण फोन मी कानांनी ऐकलाय."

"तोंडावर भांडण नको. गावात वाईटपणा कशाला घ्यायचा?"

भांडण कोणीच केलं नाही. बाई दुकानात आल्या की सगळे हवापाण्याचं बोलायचे. बाई गेल्या की एकमेकांकडे बघायचे, आणि तेवढंच. पुढे कोण काय करणार आहे, हे कोणी कोणाला विचारलं नाही. हिवाळाभर बाई वर्गात दोऱ्या बांधून पोरांना गाव बनवत राहिल्या. एक पोर पंप, एक चर, एक गाय, एक पाववाला, आणि एकानं दोरी ढिली सोडली की कोणाकोणाच्या हातातली सैल पडते ते बघा. मला ते सगळं पोरखेळ वाटायचं. दोऱ्या गोळा करायला मीच असायचे ना.

वसंतात पालिकेनं गावसभा बोलावली. पालिकेतून आलेल्या बाईंनी घसा साफ केला आणि सांगितलं की पुढच्या वर्षासाठी आपल्या शाळेत सात मुलं उरतात. एवढ्यावर शाळा चालवता येत नाही. उन्हाळ्यानंतर ती बंद होईल.



"सात कशी?" एप्पो उठून म्हणाला. "मी फक्त इमकेचं नाव काढलं. पुढच्या वर्षासाठी शेजारच्या हॉर्नवर्ड गावातल्या शाळेत घातलं. एका पोरीनं शाळा बंद पडते का?"

"मीही माझं एकच काढलं," मागून दूधवाल्याची बायको म्हणाली. "मला वाटलं, बाईंना जरा कळेल. बाकीची आहेतच की."

"आमची दोन," कोणी तरी हळूच म्हटलं. मग एकेक जण बोलत गेला. प्रत्येकानं गुपचूप काढलेलं, आणि प्रत्येकाला वाटलेलं की शाळा बाकीचे सांभाळतील.

सीब्रांड कोपऱ्यात बसला होता. "पण काढलीत का?" त्यानं विचारलं.

एप्पोनं सांगितलं. फोनचंही सांगितलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"अरे बाबांनो," सीब्रांड म्हणाला, "पंप चालू असल्याशिवाय चरातलं पाणी हलतं का? संत्री कशी वाहणार? पंप कधी सुरू करतोस, एवढंच ती विचारायची. आणि तपासणीआधीच का, तर तपासणीला आम्ही माणसं घेऊन फिरत असतो, पोरं पायात येतात. तुझ्या मोरीतलं गवत, एप्पो, रस्त्यावरून दिसत होतं. त्याला हेर लागत नाही."

"मग आम्ही नावं परत इथं घालतो," एप्पो म्हणाला. पालिकेच्या बाई म्हणाल्या की मुदत संपली, ठराव झाला. वोबका बाई पहिल्या रांगेत होत्या.  मला तर वाटतं, त्यांनी आम्हाला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शाळा गेली. माझी नोकरी गेली. सभेतून घरी येताना मी रडले, आणि कोणावर चिडावं हेच मला कळेना.

उन्हाळ्यानंतर पालिकेनं मुलांना हॉर्नवर्डला न्यायला एक गाडी दिली. ती चालवायचं काम मला मिळालं. पहिल्या दिवशी एप्पो इमकेचा हात धरून गाडीत बसला. नवी जागा, पोर घाबरेल, म्हणाला. घाबरलेला तोच होता.

हॉर्नवर्डची शाळा मोठी, काचेची. आम्ही धाकट्यांच्या वर्गापाशी गेलो, तर दारात वोबका बाई उभ्या. इमके आजोबांचा हात सोडून धावली.

एप्पोनं टोपी काढली. "बाई, तुम्ही इथं?"

"तुमच्या गावाहून एकदम एवढी मुलं आली," बाई म्हणाल्या, "इथल्या एकट्या बाईंना जमलं नसतं. म्हणून शाळेनं आणखी एक वर्ग काढला आणि मला बोलावलं."

 बाईंनी इमकेचा कोट खुंटीला अडकवला आणि दुसऱ्या पोराच्या बुटाची नाडी बांधायला खाली बसल्या.